काठावर पास होण्याची विद्या: फिगर स्केटिंगच्या पात्रतेत धोका कुठे घ्यावा, कुठे नाही

आमच्या रिंकवर शनिवारी पहाटे साडेपाचला पहिला तास सुरू होतो. बॉस्टनच्या आसपास राहणारी आणि पोरांना स्केटिंगला आणणारी मराठी घरं आता तीन-चार झाली आहेत. त्यामुळे बाकावर थर्मासमधला आल्याचा चहा फिरतो, आणि चहाबरोबर प्रश्नही. मागे नव्यानेच येऊ लागलेल्या एका बाबांनी विचारलं, "ताई, माझ्या मुलीला ट्रिपल सॅलकाव येते. मग कोच ती स्पर्धेत का करू देत नाहीत?" (सॅलकाव हा उडीचा एक प्रकार, ट्रिपल म्हणजे हवेत तीन फेरे.)

मी विचारलं, "येते म्हणजे दहात किती वेळा येते?"

त्यांना सांगता आलं नाही. त्यात त्यांची काही चूक नाही, काही वर्षांपूर्वी मलाही सांगता आलं नसतं. मी कोच नाही, जज तर नाहीच नाही. बाकावर बसून, गुणांचे कागद वाचून आणि मुलीच्या चुका पाहून जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. आकडे आणि नियम सीनिअर गटाच्या एकेरीचे आहेत, २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचे. लहान गटांत तपशील बदलतात, हिशेबाची रीत तीच राहते.

पायरी १: रेघ कुठे आहे ते आधी शोधा

जिंकायला सगळ्यांच्या वर जावं लागतं, पात्र व्हायला फक्त एका रेघेच्या वर. ती रेघ ठाऊक नसली की पोर सुवर्णपदकाला निघाल्यासारखं स्केट करतं आणि पंचविसावं येतं.

पंचविसावं हे मी उगाच लिहिलेलं नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे पहिली छोटी फेरी, सगळेच करतात, पण फ्री स्केटला, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीला, पहिले २४ च जातात. २०२१ मध्ये स्टॉकहोमला अमेरिकेचा विन्सेंट झोऊ शॉर्ट प्रोग्राममध्ये २५ वा आला आणि घरी गेला. हा कुणी नवखा नव्हता, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्य जिंकलेलं होतं. त्या दिवशी एकच मोठी उडी जमली असती तरी तो फ्री स्केटला बर्फावर दिसला असता.

नुकसान त्याच्या एकट्याचं झालं नाही. ऑलिम्पिकच्या जागा आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेवरून ठरतात आणि त्या देशाला मिळतात. देशाचा एकच स्केटर असेल आणि तो पहिला किंवा दुसरा आला तर ३ जागा, तिसरा ते दहावा आला तर २, अकरावा आला की १. दोन किंवा तीन स्केटर असतील तर वरच्या दोघांच्या क्रमांकांची बेरीज करायची: १३ किंवा त्याहून कमी भरली तर ३ जागा, २८ पर्यंत २. स्टॉकहोमला नेथन चेन पहिला आणि जेसन ब्राउन सातवा आला. बेरीज ८, म्हणजे अगदी आरामात. तरीही अमेरिकेला तिसरी जागा तिथल्या तिथे मिळाली नाही, कारण तीन जागा हातात पडायला तिघांनीही फ्री स्केट गाठायला हवं होतं. तिसऱ्या जागेसाठी सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला, नेबेलहॉर्न ट्रॉफीत, झोऊलाच पुन्हा उतरावं लागलं. तो तिथे पहिला आला आणि जागा मिळवून आणली.

आपल्याकडे याला एटीकेटी म्हणतात. राहिलेला विषय सप्टेंबरात सोडवायचा.

मिलानच्या ऑलिम्पिकसाठी ही एटीकेटी बीजिंगला झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये. एकेरीतल्या प्रत्येकी २९ जागांपैकी २४ बॉस्टनच्या जागतिक स्पर्धेतून भरल्या होत्या, उरलेल्या ५ बीजिंगमधून. तिथे एका देशाचा एकच स्केटर. पहिला येणाऱ्याला आणि पाचवा येणाऱ्याला मिळालेलं तिकीट सारखंच, सहाव्याच्या हाती काहीच नाही. अशा स्पर्धेत पहिलं यायला म्हणून जास्तीचा क्वाड, म्हणजे हवेत चार फेऱ्यांची उडी, टाकणं हा माझ्या मते शुद्ध हट्ट. पाचवं राहायला तो लागणार असेल तर गोष्ट वेगळी.

तर पहिलं काम: वही घ्या. आपल्या स्पर्धेतून किती जण पुढे जातात ते नियमपुस्तिकेतून लिहून काढा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. मग मागच्या तीन-चार वर्षांत शेवटच्या पात्र क्रमांकाला किती गुण होते ते निकालांतून शोधा. जागतिक स्पर्धेत क्रमवारीत खाली असलेले आधी उतरतात. आपली पाळी आटोपली तरी बाकीचे काय करणार हे कळलेलं नसतं. म्हणून ती रेघ घरूनच सोबत न्यावी लागते. माझ्या वहीत मी तिच्यावर आणखी पाच गुण चढवून दुसरी रेघ मारते. पाच हा आकडा माझा, त्याला कुठलं शास्त्र नाही.

पायरी २: प्रत्येक विषयात पस्तीस

जागतिक स्पर्धेसारख्या मोठ्या स्पर्धांना उतरायलाच किमान तांत्रिक गुण लागतात, शॉर्टमध्ये वेगळे आणि फ्रीमध्ये वेगळे. शॉर्टमधले उरलेले फ्रीमध्ये वळते होत नाहीत. दहावीला मराठीत नव्वद पडले म्हणून गणितातले तीस माफ होत नाहीत, तसंच.

नव्या पालकांना यातल्या दोन गोष्टी उशिरा कळतात. एक म्हणजे हे दोन्ही आकडे एकाच स्पर्धेत गाठायचं बंधन नाही. शॉर्टचा एका ठिकाणी, फ्रीचा दुसऱ्या ठिकाणी चालतो, फक्त मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, चालू किंवा आदल्या हंगामात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला एखादी लहानशी स्पर्धा केवळ हे आकडे पदरात पाडायला निवडावी आणि तिथे क्रमांकाकडे पाहूसुद्धा नये. दुसरी गोष्ट जरा गमतीची. पडल्यावर जो एक गुण कापतात तो एकूण गुणांतून जातो, तांत्रिक गुणांतून नाही. तांत्रिक गुणांना झळ बसते ती त्या उडीचा दर्जा घसरल्याची. त्यामुळे पडूनही किमान आकडा गाठता येतो, आणि देखणं, तालात स्केट करूनही तो हुकू शकतो. सादरीकरणाचे गुण या हिशेबात धरतच नाहीत.

वयाचीही एक रेघ आहे. २०२४-२५ पासून सीनिअर गटात उतरायला हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे १ जुलैच्या आत, सतरा पूर्ण हवीत. पूर्वी पंधरा चालायची. हे नीट मोजा. जूनमध्ये जन्मलेलं मूल आणि जुलैमध्ये जन्मलेलं मूल यांत एका हंगामाचं अंतर पडतं.

पायरी ३: शॉर्टमध्ये प्रयोग नको

माझं ऐकून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

शॉर्ट प्रोग्राम सुमारे २ मिनिटं ४० सेकंदांचा. त्यात उड्यांच्या जागा तीनच: एक ॲक्सेल (सॅलकाव, लुट्झ, लूप, टो लूप यांच्यासारखाच उडीचा प्रकार), एक सुटी उडी, एक जोडउडी, म्हणजे एकीला लागून दुसरी. शिवाय तीन गिरक्या आणि एक पदन्यास. प्रत्येक जागेला काय चालतं ते बांधून दिलेलं असतं. सीनिअर पुरुषांची सुटी उडी ट्रिपल किंवा क्वाडच हवी. हवेत असताना अंग उघडलं आणि चारऐवजी दोनच फेरे झाले, ज्याला रिंकवर सगळे 'पॉप झाली' म्हणतात, तर त्या उडीला शून्य. कमी गुण नव्हे, शून्य. फ्री स्केटमध्ये तशीच पॉप झालेली उडी डबल म्हणून निदान एक-दीड गुण देऊन जाते.

२०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये युझुरू हान्यूचं हेच झालं. दोन ऑलिम्पिक सुवर्णं नावावर असलेला माणूस. सुरुवातीच्याच क्वाड सॅलकावला त्याचं पातं बर्फातल्या एका खळग्यात गेलं, उडी सिंगल झाली, त्या घटकाला शून्य. बाकी सगळं चोख करूनही ९५.१५ गुण आणि आठवा क्रमांक, शेवटी चौथा. एवढं होऊनही तो २४ च्या आत सहज होता हे खरं, पण ते हान्यू असल्यामुळे. काठावरच्या मुलाला अशा एका शून्यातून वर येता येत नाही.

त्याच्या आधीचं ऑलिम्पिक, २०१८ चं प्याँगचांग, या बाबतीत शिकवणीचा वर्गच म्हणावा. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्वाड लुट्झच्या सरावात हान्यूचा घोटा दुखावला. मधल्या स्पर्धा सोडाव्या लागल्या. प्याँगचांगला तो थेट उतरला आणि सॅलकाव व टो लूप या दोनच प्रकारांचे क्वाड केले. लुट्झही नाही, लूपही नाही. अंथरूण पाहून पाय पसरले आणि ३१७.८५ गुणांनी सुवर्ण नेलं. तिथेच नेथन चेनच्या शॉर्टमधल्या तिन्ही उड्या बिघडल्या, ८२.२७ गुण, सतरावा क्रमांक. दुसऱ्या दिवशी त्याने फ्री स्केटमध्ये सहा क्वाड टाकले, २१५.०८ गुण घेतले, त्या फेरीत पहिला आला आणि एकूणात पाचवा.

सहा क्वाडची ती फेरी लोकांना आठवते. मला आठवतो सतरावा क्रमांक. तीनही उड्या बिघडून तो रेघेच्या आत राहिला तो गिरक्या, पदन्यास आणि सादरीकरणाच्या जोरावर, आणि म्हणून त्या सहा क्वाडना बर्फ मिळाला. झोऊला तो मिळाला नाही.

शॉर्टसाठी माझा नियम साधा आहे. सरावात, प्रोग्रामच्या मध्ये, संगीत चालू असताना दहापैकी आठ वेळा उभी राहते तीच उडी. सुटी, दमछाक नसताना केलेली उडी मोजायची नाही.

पायरी ४: धोक्याचा हिशेब कागदावर मांडा

'क्वाड टाकला तर जास्त गुण' हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं कागदावर येतं.

प्रत्येक उडीची एक मूळ किंमत ठरलेली आहे. ट्रिपल लुट्झ ५.९०, ट्रिपल ॲक्सेल ८.००, क्वाड टो लूप ९.५०. जज त्यावर उणे ५ ते अधिक ५ असा दर्जा देतात, आणि प्रत्येक पायरी मूळ किमतीच्या दहा टक्के. पडलं की उणे ५, म्हणजे निम्मी किंमत गेली, वर एक गुण कापला जातो.

आता मुलाकडे दोन पर्याय आहेत असं धरा: क्वाड टो लूप किंवा ट्रिपल लुट्झ. दोन्ही नीट उतरल्या तर अधिक २ चा दर्जा मिळेल असं समजू.

क्वाड उतरला: ९.५० अधिक १.९०, म्हणजे ११.४०.
क्वाडवर पडलं: ४.७५, त्यातून एक वजा, ३.७५.
लुट्झ उतरली: ५.९० अधिक १.१८, म्हणजे ७.०८.

लुट्झ हमखास उतरते असं मानलं, तर क्वाड शंभरात साधारण चव्वेचाळीस वेळा उतरल्यावर सरासरी बरोबरीला येते. त्याखाली क्वाड म्हणजे हौस.

पण थांबा, क्वाडवर जे पडतात ते सगळे फेरे पूर्ण करून पडत नाहीत. फेरा पाव ते अर्धा कमी पडला तर मूळ किंमत ८० टक्क्यांवर येते, ७.६०. त्यावर पडलं की हाती २.८०. अर्धा किंवा त्याहून जास्त कमी पडला तर ती उडी ट्रिपल टो लूप म्हणूनच मोजतात, ४.२०, आणि पडलं की हाती राहतात १.१०. उड्या तपासणारं टेक्निकल पॅनल हे व्हिडिओ मागे-पुढे करून पाहतं. बाकावरून 'पूर्ण झाली होती हो' असं ओरडून उपयोग नसतो. मी ओरडून पाहिलं आहे.

म्हणून सरावाची वही ठेवताना 'उतरली' आणि 'नाही' अशी दोनच खणं करू नका. चार करा: नीट, फेरा कमी, पडली, पॉप. दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं. मुलीच्या वहीत मला धक्का बसला तो पॉपच्या खणात. मला वाटायचं ती पडते म्हणून गुण जातात. पडणं त्यामानाने क्वचितच होतं, ती घाबरून अंग उघडत होती.

आणखी एक. सरासरीचा हिशेब हंगामभरासाठी ठीक. पात्रतेच्या दिवशी मात्र सरासरी कामाची नाही, कारण ती फेरी एकदाच होते. रेघेच्या वर ठेवायला साधी उडी पुरत असेल तर सरासरी कितीही चांगली असो, साधी उडीच. साध्या उडीने रेघ गाठताच येत नसेल तर चव्वेचाळीसच्या खालीही क्वाड टाकावा, कारण न टाकता बाहेर जाणं ठरलेलंच आहे. म्हणून आधी रेघ, मग उडी.

संघाचाही असाच हिशेब असतो. सोबतचा स्केटर तिसरा येईल असा भरवसा असेल तर १३ ची बेरीज भरायला आपल्याला दहावं आलं तरी पुरतं. मग दहाव्याचे गुण काढून तेवढाच प्रोग्राम बांधावा.

उलटही घडतं. २०१७ ला हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत जपानची आघाडीची सातोको मियाहारा दुखापतीमुळे नव्हती. माई मिहारा शॉर्टमध्ये पंधरावी होती, ती फ्रीमध्ये उसळून एकूण पाचवी आली. वाकाबा हिगुची अकरावी, रिका होंगो सोळावी. पाच आणि अकरा सोळा. तेराच्या वर तीन, आणि जपानी महिलांची तिसरी जागा गेली. प्याँगचांगला गेल्या मियाहारा आणि काओरी साकामोतो. पंधराव्यावरून पाचव्यावर चढून जिने बेरीज सावरली ती मिहारा घरीच राहिली. जागा देशाची असते असं वर म्हटलं ते किती कडू असू शकतं ते इथे कळतं.

पायरी ५: सावधपणाही फुकट मिळत नाही

आता दुसरी बाजू, कारण वरचं सगळं वाचून काही पालक उद्याच कोचला सांगतील की सगळ्या अवघड उड्या काढून टाका.

१९९२, आल्बर्टव्हिल ऑलिम्पिक. जपानची मिदोरी इतो ट्रिपल ॲक्सेलसाठी जगभर ओळखली जात होती. त्या फेरीत, आज जिला शॉर्ट म्हणतो तिच्यात, तिने ट्रिपल ॲक्सेल बाजूला ठेवून सोपी ट्रिपल लुट्झ घेतली आणि तिच्यावरच पडली. चौथी आली. फ्री स्केटमध्ये मात्र ट्रिपल ॲक्सेल उतरवली, ऑलिम्पिकमध्ये ती करणारी पहिली स्त्री ठरली आणि रौप्यावर आली.

तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. मी त्यातून एवढंच घेते: ऐनवेळी बदललेली सोपी उडी सोपी राहत नाही. शरीराला जो क्रम पाठ झालेला असतो, ज्या कोपऱ्यातून वेग घ्यायची सवय असते, ती सगळी मोडते. सोपा पर्याय वापरायचा असेल तर त्याचाही सराव हवा, त्याच संगीतावर, त्याच जागी. आठवड्यातून निदान दोन वेळा अख्खा प्रोग्राम 'सोप्या' उड्यांसह करून घ्या. मुलं कुरकुरतात. माझी अजूनही कुरकुरते.

पायरी ६: प्लॅन बी, आणि तो नियमात बसतो का

स्पर्धेआधी नियोजित उड्यांचा कागद द्यावा लागतो, पण तो पाळायचं बंधन नसतं. बर्फावर बदल करता येतो. गोंधळ तिथेच होतो.

मुख्य अडचण झायाक नियमाची. अमेरिकेच्या इलेन झायाकने १९८२ ची जागतिक स्पर्धा जिंकताना सहा ट्रिपल मारल्या, त्यातल्या चार एकाच जातीच्या, टो लूप. त्यानंतर तीच ती उडी पुन्हापुन्हा करण्यावर बंधन आलं. आज फ्री स्केटमध्ये उड्यांच्या सात जागा, त्यांत जोडउड्या जास्तीत जास्त तीन. ट्रिपल-क्वाडपैकी दोनच प्रकार दुसऱ्यांदा करता येतात, आणि दोनांपैकी एक तरी खेप जोडउडीत हवी. नसेल तर दुसऱ्या खेपेची मूळ किंमत सत्तर टक्क्यांवर. डबल उड्यांनाही मर्यादा: कुठलीही डबल, डबल ॲक्सेल धरून, फक्त दोनदा.

शेवटचं वाक्य आम्ही वाचलं होतं. मुलीने वाचलं नव्हतं. तिच्या एका पात्रता फेरीत तिसऱ्या उडीला जोड द्यायची राहून गेली. शहाणपणा करून तिने शेवटच्या उडीला डबल टो लूप जोडली. छान उतरली, आम्ही टाळ्या वाजवल्या. तासाभराने भिंतीवर कागद लागला तर त्या डबल टो लूपपुढे एक चांदणी. डबल टो लूप आधीच दोनदा झाली होती. तिसरीला शून्य. ती पुढच्या फेरीला गेली नाही ती एका गुणाहूनही कमी फरकाने, आणि डबल टो लूपची किंमत १.३० आहे. गाडीत घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे प्लॅन बी लिहिलेला असतो, वाण्याच्या बिलाच्या मागे का होईना. जोड राहिली तर ती कुठे लावायची, कुठली लावायची आणि कुठली अजिबात नाही. तीनच वाक्यं. जास्त लिहिलंत तर चार मिनिटं धावणाऱ्या पोराच्या डोक्यात काही राहत नाही. शॉर्टसाठी तर एकच वाक्य पुरतं: जोडउडीची जोड राहिली तर ती सुट्या उडीला लावायची. पण दोन्हीकडे एकच उडी होत नाही ना ते पाहा. शॉर्टमध्ये पुनरावृत्ती चालत नाही.

पायरी ७: न पडता मिळणारे गुण

गिरक्या आणि पदन्यास. यांच्याकडे नवे पालक बघतही नाहीत, तेवढ्यात चहा ओततात.

पदन्यास दुसऱ्या लेव्हलचा (लेव्हल म्हणजे अवघडपणाची पायरी) असेल तर मूळ किंमत २.६०, चौथ्या लेव्हलचा ३.९०. फरक १.३०, वर सांगितलेल्या त्या चांदणीवाल्या डबल टो लूपइतकाच. पाय बदलून केलेली मिश्र गिरकी दुसऱ्या लेव्हलला २.५०, चौथ्याला ३.५०. तीन गिरक्या आणि एक पदन्यास मिळून तीन-चार गुण उभे राहतात, आणि त्यासाठी कुणाला आपटावं लागत नाही. काठावरच्या मुलाने हंगामाआधीचे दोन महिने नवी उडी शिकण्यापेक्षा इथे घातले तर रेघ लवकर जवळ येते. हे कंटाळवाणं काम आहे आणि यात कुणी टाळ्या वाजवत नाही.

पायरी ८: पडल्यावर

सीनिअर गटात पहिल्या दोन पडण्यांना प्रत्येकी एक गुण जातो, तिसऱ्या-चौथ्याला प्रत्येकी दोन, पुढे तीन. म्हणजे पहिल्यांदा पडणं परवडतं. दुसऱ्यांदा पडणं बहुतेकदा पहिल्याचा विचार करत बसल्यामुळे होतं.

२०१४, सोची. अमेरिकेचा जेरेमी ॲबट शॉर्टमधल्या क्वाडवर असा पडला की घसरत जाऊन कडेच्या फळीवर आदळला आणि कंबर धरून तसाच पडून राहिला. संपला असंच सगळ्यांना वाटलं. मग तो उठला, संगीत गाठलं आणि उरलेला प्रोग्राम पूर्ण केला. फ्री स्केटला पोहोचला आणि शेवटी बारावा आला. मुलीला मी ते चलचित्र दाखवलं तेव्हा सांगितलं, उठल्यानंतरचं बघ, पडतानाचं नको. अर्थात डोक्याला मार बसला असेल, घेरी येत असेल, तर उठून स्केट करायचं नाही. रेफरीकडे जायचं. तिथे रेघ-बिघ काही नाही.

बाकी किरकोळ गोष्टी भराभर सांगते. पोशाखातलं मणी-पीस बर्फावर पडलं तर एक गुण जाऊ शकतो, म्हणून आदल्या रात्री सगळं ओढून पाहा. प्रोग्राम ठरलेल्या वेळेपेक्षा दर पाच सेकंद कमी-जास्त झाला की एक गुण. बुटाची नाडी तुटली आणि थांबावं लागलं तर तीन मिनिटांची मुभा मिळते, पण पाच गुणांच्या मोबदल्यात. जास्तीची नाडी वीस रुपयांची असो की वीस डॉलरची, पाच गुणांपेक्षा स्वस्तच.

आणि निवड

रेघ ओलांडली म्हणजे निवड झाली असं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत मिराई नागासू तिसरी आली, तीन जागा होत्या, तरी सोचीला गेली चौथी आलेली ॲशली वॅग्नर. समितीने हंगामातली इतर कामगिरीही मोजली होती. म्हणून निवडीचे निकष हंगामाच्या सुरुवातीलाच वाचा आणि कुठली स्पर्धा किती वजनाची ते ठरवून ताकद वाटा. सगळीकडे शंभर टक्के देणारी मुलं मार्चपर्यंत घोट्याला पट्ट्या बांधून बसलेली दिसतात.

हे सगळं त्या बाबांना एका चहात सांगणं शक्य नव्हतं. मी फक्त चार खणांचं सांगितलं. पुढच्या शनिवारी ते शंभर पानी वही घेऊनच आले, पट्टीने आखलेली. ट्रिपल सॅलकाव, अकरा प्रयत्न: नीट ४, फेरा कमी ३, पडली १, पॉप ३. त्यांनी वही माझ्यापुढे केली आणि विचारलं, "कोचना दाखवू का?"

कोच तेव्हा फळीला टेकून आमच्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "दाखवा. पण आधी तिला दाखवा."